शिक्का, मोर्तब आणि पोर्ट पंचवीस

एखाद्या गोष्टीवर ‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण रोज म्हणतो, वर्तमानपत्रांत रोज वाचतो. पण शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळे, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. मराठी राजपत्रांत शिक्का असे वरच्या बाजूला. हे पत्र कुणाच्या अधिकारातले आहे, ते तो सांगे. मोर्तब म्हणजे लहान शिक्का. तो पत्राच्या शेवटी, शेवटच्या अक्षराला लागून उमटवत. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी एक अक्षर जरी घातले तरी ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. शब्द मूळचा अरबी-फारसी. ‘मुरत्तब’ म्हणजे नीट रचलेले आणि ‘शुद’ म्हणजे झाले. मराठी कारकुनांच्या लेखणीखाली त्याचे ‘मोर्तब सूद’ झाले आणि ते आपल्या भाषेत कायमचे राहून गेले. कागद लांब असेल, दोन बंद एकमेकांना चिकटवलेले असतील, तर सांध्यावर मागच्या बाजूने शिक्का मारत. कुणी मधला बंद काढून दुसरा चिकटवू नये, म्हणून ही काळजी. पत्र नेणारे जासूद बहुधा जोडीने निघत. जासूद हा शब्दसुद्धा ‘जासूस’चा सख्खा भाऊ.

आमच्या कामण गावामागे कामणदुर्ग उभा आहे. टेहळणीचा किल्ला. त्याच्या माथ्यावरून वसईच्या खाडीकडे नजर जाते. या खाडीच्या मुखाशी चिमाजी अप्पांच्या फौजेने मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. १७३७ पासून चाललेल्या त्या मोहिमेचा इतिहास आज लिहिता येतो, तो बराचसा पत्रांच्या आधारे. दारूगोळा मागवणारी पत्रे, माणसे मागवणारी पत्रे, हालहवाल कळवणारी पत्रे. यातले एखादे पत्र बनावट निघाले असते तर फौज भलतीकडे वळली असती. म्हणून तर शिक्का, मोर्तब आणि जासुदांची जोडी.

आता याच कामणमधून चिंचोटी-भिवंडी रस्त्याने जा. दोन्ही बाजूंना कारखाने, गाळे आणि गोदामे लागतात. तिथली पत्रे आता जासूद नेत नाहीत. ऑर्डर, बिल, बँकेचा खातेक्रमांक, सारे ई-मेलने येते-जाते. हे पत्र पाठवणारे आणि स्वीकारणारे यंत्र म्हणजे सर्व्हर, रात्रंदिवस चालू राहून दुसऱ्या संगणकांची कामे करणारा संगणक. जगातल्या असंख्य सर्व्हरांवर लिनक्स ही प्रणाली चालते. तिच्यावर टपालाची व्यवस्था बसवणे आणि तिला कडीकोयंडे लावणे हे ‘कॉम्प्युटरवाल्या मुलाचे काम’ असे मालकमंडळी समजतात. माझे म्हणणे असे की, ते काम फक्त त्या मुलाचे नाही. त्यामागे एक इतिहास आहे आणि त्या इतिहासातला एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या मुंबईतच घडलेला आहे.

ई-मेल कसे जावे याचा नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकन संशोधकाने लिहून काढला. दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे, त्याची ही संहिता. पहिले यंत्र दुसऱ्याच्या पंचवीस क्रमांकाच्या दारावर थाप मारते. या दाराला पोर्ट म्हणतात. संगणकाला अशी पासष्ट हजारांवर दारे असतात आणि प्रत्येक सेवेचे दार ठरलेले असते. टपालाचे दार पंचवीस. दार उघडले की पाहुणे यंत्र ‘हेलो’ म्हणते आणि आपले नाव सांगते. मग पत्र कुणाकडून आहे ते सांगते, कुणासाठी आहे ते सांगते आणि शेवटी पत्र वाचून दाखवते. यजमान प्रत्येक वाक्याला ‘ठीक’ म्हणतो. झाले, पत्र पोचले.

या साऱ्या संभाषणात एक प्रश्न कुठेच विचारलेला नाही. ‘तू स्वतःला जो म्हणवतोस तो तूच कशावरून?’ पाहुणा सांगेल ते नाव खरे. शिक्का नाही आणि मोर्तबही नाही. शिवाय त्या काळी कुठलाही सर्व्हर कुणाचेही पत्र पुढे पोचवून देई. गावाकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाकीट द्यावे आणि त्याने ते बिनबोभाट पुढच्या स्टँडवर उतरवावे, तसा हा शेजारधर्म. याला रिले म्हणत. पोस्टेल यांना हे कळत नव्हते असे नाही. त्या वेळी त्या जाळ्यावर जेमतेम काही शे यंत्रे होती. विद्यापीठे, संशोधन संस्था, संरक्षण खाते. जो तो एकमेकांना ओळखत होता. चार घरांच्या वाडीत कुणी दाराला कुलूप लावत नाही. पुढे वाडीचे शहर झाले, दारे मात्र तशीच राहिली.

कवितेच्या प्रांतातल्या माणसाला हा प्रश्न परका नाही. उर्दू गझलेच्या शेवटच्या शेरात कवी आपले तखल्लुस गुंफतो. मराठी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा येते, ‘तुका म्हणे’. ही दोन्ही एक प्रकारची मोर्तबेच. पण गालिबच्या नावावर आज किती शेर खपतात ते पाहा. त्यातले अनेक गालिबने कधी लिहिलेच नाहीत. तुकोबांच्या गाथेतल्या प्रक्षिप्त अभंगांवरून अभ्यासकांचे वाद चालतच असतात. नाव मजकुरातच लिहायचे असेल तर ते कुणीही लिहू शकतो. ई-मेलच्या माथ्यावरचे पाठवणाऱ्याचे नाव नेमके असेच असते. ते मजकुराचा भाग असते, पुरावा नसते.

ही दारे किती उघडी आहेत, हे जगाला पहिल्यांदा कळले २ नोव्हेंबर १९८८ रोजी. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढत यंत्रायंत्रांतून सरपटणारा एक प्रोग्राम सोडला. सुमारे सहा हजार यंत्रे त्याने ठप्प केली, असा त्या वेळचा अंदाज होता. जाळ्यावर तेव्हा साठ हजारांच्या आसपासच यंत्रे होती. या किड्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक होती ‘सेंडमेल’. बर्कले विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी लिहिलेला हा टपाल हाताळणारा प्रोग्राम तेव्हा बहुतेक यंत्रांवर चाले. त्यात चाचणीसाठी एक खास सोय ठेवलेली होती. ती चालू असेल तर पत्राच्या वाटेने थेट यंत्राला हुकूम देता येत. काम संपल्यावर ती बंद करायला हवी होती. कितीतरी ठिकाणी ती तशीच राहिली. वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला हे लगेच कळेल. इमारत बांधून झाली, लोक राहायला आले, पण परांची काढायची राहून गेली. चोराला जिना चढायची गरजच उरली नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ नावाचे शिक्षण-संशोधन जाळे सुरू केले. दिल्लीचा तो विभाग, बंगळूरची विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि मुंबईत जुहूची ‘एनसीएसटी’ ही संस्था त्यात होती. देशातल्या पहिल्या ई-मेलची देवघेव जुहू आणि पवई यांच्यात, साध्या टेलिफोनच्या तारेवरून, त्याच सुमारास झाली. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेतल्या जाळ्याशी कायमची जोडणी झाली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. आज मोबाइलवर काढलेला तीन मेगाबाइटचा एक फोटो त्या तारेवरून पाठवायचा तर चाळीस मिनिटे लागतील. तेवढ्याशा तारेवरून देशभरच्या प्राध्यापकांची पत्रे जात होती. डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेतील मंडळींनी भारतीयांना ई-मेल लिहायला शिकवले म्हटले तरी चालेल. पुढे ही संस्था ‘सी-डॅक’मध्ये विलीन झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. वाडीचे शहर आपल्याकडेही झाले.

आणि मग १९९८ साल उजाडले. ११ आणि १३ मे रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. जगभर गदारोळ उडाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली की, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरांत परकी माणसे घुसली आहेत. ‘मिलवर्म’ नावाची ही टोळी. अमेरिका, इंग्लंड, न्यूझीलंड अशा वेगवेगळ्या देशांतली पोरे आणि वय बहुतेकांचे पंधरा ते अठरा. चाचण्यांच्या निषेधार्थ आपण हे केले, असे त्यांचे म्हणणे. केंद्राच्या संकेतस्थळावर त्यांनी आपला निषेध लावला आणि शास्त्रज्ञांची ई-मेल उचलून नेली. बातमी आधी अमेरिकेतल्या ‘वायर्ड न्यूज’ने दिली. सुरुवातीला इन्कार झाला, नंतर केंद्राकडून कबुली आली. गेलेल्या पत्रांत गोपनीय काही नव्हते, असेही सांगण्यात आले.

ते घुसले कसे? वृत्तांतांत केंद्राच्या अधिकाऱ्याचे जे म्हणणे आले, ते असे की, ही सेंडमेलमधली अगदी नेहमीची फट होती आणि सेंडमेलची नवी आवृत्ती उतरवून घ्यायची राहिली होती. कुठले अद्भुत शस्त्र नाही. परदेशी गुप्तहेर खातेही नाही. फट सर्वांना माहीत होती, ती बुजवणारा प्रोग्राम फुकट मिळत होता, फक्त तो बसवला नव्हता. ज्या संस्थेभोवती कुंपण, बंदूकधारी पहारा आणि समुद्राच्या बाजूने गस्त, तिच्या टपालाच्या दाराची कडी सैल राहिली. तुर्भ्याच्या त्या हुशार माणसांना हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. टपाल ही ‘किरकोळ सेवा’ आहे, ती चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा, ही वृत्ती आपल्या सगळ्यांची आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी टपालाची सारी व्यवस्था कात टाकत होती. मे १९९८ मध्ये सेंडमेलची ८.९ ही आवृत्ती आली. तिच्यात अनोळखी माणसाचे पत्र पुढे नेण्याची सोय मुळातच बंद होती. हवी असेल तर मुद्दाम उघडायची. सोळा वर्षांचा शेजारधर्म तिथे संपला. तो संपणे भाग होते, कारण जाहिरातींची लाखो पत्रे लोक दुसऱ्यांच्या सर्व्हरांच्या खांद्यावरून पाठवत होते. असे खांदे देणाऱ्यांची काळी यादी पॉल व्हिक्सी यांनी १९९७ पासून चालू केली होती. यादीत नाव गेले की तुमची खरी पत्रेसुद्धा दारातून परत. डिसेंबर १९९८ मध्ये नवा नियम झाला. आपल्या माणसांनी पत्र टाकायचे दार वेगळे, क्रमांक ५८७, आणि तिथे ओळख मागता येईल. परक्या सर्व्हरांकडून येणारे टपाल पंचवीसवरच. त्याच डिसेंबरात आयबीएममध्ये काम करणारे डच शास्त्रज्ञ विट्से वेनेमा यांचा ‘पोस्टफिक्स’ लोकांच्या हाती आला. सेंडमेल हा एकच मोठा कारभारी होता आणि त्याच्या कमरेला साऱ्या घराच्या किल्ल्या. पोस्टफिक्सने कामे वाटून दिली. दारावर बसणारा वेगळा, वर्गवारी करणारा वेगळा, पेटीत टाकणारा वेगळा. प्रत्येकाकडे आपल्या खोलीपुरतीच किल्ली. एक फितूर झाला तरी घर जात नाही. आज लिनक्सच्या सर्व्हरांवर पोस्टफिक्स सर्रास दिसतो.

मग आज लिनक्सचा टपाल-सर्व्हर नीट लावायचा म्हणजे काय करायचे? क्रम सोपा आहे. आधी घराला दारे किती आणि त्यातली उघडी किती, याची यादी काढायची. ज्या सेवेचे काम नाही ती बंद. उरलेल्या दारांपुढे फायरवॉल नावाचा पहारेकरी बसवायचा. टपालाची दोन-तीन दारे आणि देखभालीचे एक, बाकी सर्वांना मज्जाव. देखभालीचे दार म्हणजे एसएसएच. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी आपल्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डची चोरी झाल्यावर ते तयार केले. तिथे पासवर्ड चालू ठेवू नये, किल्लीची फाइल वापरावी. ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी. त्या नावाने बाहेरून थेट कुणाला आत घेऊ नये. असा सर्व्हर इंटरनेटला जोडला की, थोड्याच वेळात कुठून कुठून यंत्रे येऊन पासवर्ड चाचपू लागतात. लॉग नावाच्या रोजनाम्यात त्याची नोंद उमटत राहते. रोजनामा लिहिला जातो, पण वाचायला कुणी नेमलेले नसते. तो वाचण्यासाठी माणूस आणि वेळ ठरवून द्यायचा. आणि नवी आवृत्ती आली की ती बसवायची. तुर्भ्याचा धडा एवढाच.

पोस्टफिक्सच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘मायनेटवर्क्स’ नावाची एक ओळ असते. कुणाकुणाची पत्रे आम्ही ओळख न विचारता पुढे नेऊ, त्यांचे पत्ते तिथे लिहायचे. आपल्या ऑफिसातली यंत्रे लिहिली की झाले. घाईत, ‘चालत नाही हो’ या तक्रारीला कंटाळून, कुणी तिथे शून्यांची ओळ टाकली की, साऱ्या जगाची पत्रे आपल्या नावाने जाऊ लागतात. ही ओळ तांत्रिक दिसते. प्रत्यक्षात तो कुणाच्या शब्दाला आपला खांदा द्यायचा याचा निर्णय आहे, आणि तो मालकाने घ्यायचा असतो.

राहिला प्रश्न शिक्क्याचा. तोही परत आला, थोडा उशिरा. तीन नावे लक्षात ठेवा: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. पहिल्याचा नियम एप्रिल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या नावाची पत्रे कोणते सर्व्हर नेतील, त्याची ही जाहीर दवंडी. अमुक-अमुक जासूद आमचे, दुसरा कुणी आला तर तो आमचा नव्हे. दुसऱ्याचा नियम मे २००७ मधला. सर्व्हर आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने प्रत्येक पत्रावर गणिती मुद्रा उमटवतो. ती पडताळण्याची किल्ली जगजाहीर असते. मुद्रेने झाकलेल्या मजकुरात वाटेत कुणी अक्षर बदलले की ती जुळत नाही. हे हुबेहूब मोर्तब. तिसरा, डीमार्क, २०१२ मध्ये जाहीर झाला. मुद्रा जुळली नाही तर दारवानाने काय करायचे, ते तो सांगतो. पत्र घ्यायचे, बाजूला ठेवायचे की परत पाठवायचे. आणि रोज काय काय आले, त्याचा अहवालही मालकाला मिळतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या दोघांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली. पेशव्यांच्या कारकुनाला जे सुचले होते, तिथे जग पुन्हा येऊन पोचले.

पण मोर्तबाची मर्यादा तेव्हाही होती आणि आजही आहे. शिक्काच चोरीला गेला तर? मुद्रा खरी, हात चोराचा. किंवा तुमच्या पुरवठादाराच्या नावातले एक अक्षर बदलून कुणी नवेच नाव नोंदवले, तर त्या नावावरची मुद्राही कायदेशीर खरीच ठरते. गाळ्यातल्या हिशेबनिसाला एका दुपारी पत्र येते, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका.’ भाषा तीच, बिलाचा क्रमांक तोच, रक्कम बरोबर. पैसे जातात आणि महिनाभराने खरा पुरवठादार फोन करून विचारतो, ‘शेठ, पेमेंट कधी?’ वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्याचा महिन्याचा पगार अशा एका पत्रात जाऊ शकतो. कायद्यात याला शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे २००८ च्या दुरुस्तीने आलेले ‘६६ ड’ कलम यासाठीच आहे. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता राहते. सर्व्हरात कुणी घुसल्याचे लक्षात आले तर ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांत कळवायचे आणि रोजनामे १८० दिवस जपायचे, असा तिचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. रोजनामाच नसेल तर पोलिसांनी माग काढायचा तो कशाच्या जोरावर?

म्हणून छोट्या उद्योजकांना, शाळांना, पतपेढ्यांना माझे सांगणे एवढेच. तुमचा सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाला उद्या चहाला बोलवा आणि चार प्रश्न विचारा. आपली कोणकोणती दारे उघडी आहेत? आपण कुणाची पत्रे ओळख न विचारता पुढे नेतो? शेवटचे अपडेट कोणत्या तारखेला केले? आपल्या पत्रांवर मोर्तब असते का? उत्तरे त्याने साध्या मराठीत द्यायला हवीत आणि ती तुम्ही वहीत तारीख घालून लिहून ठेवायला हवीत. बँक खाते बदलल्याचे पत्र आले तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन लावायचा, पत्रात दिलेल्या नाही. समोरचा आवाज ओळखीचा आहे याची खात्री झाल्याशिवाय रुपया हलवायचा नाही, हा नियम हिशेबनिसाच्या टेबलावर लिहून लावा. हिशेबनीस नवा असेल तर त्याला तो वाचून दाखवा.